वर्गात शिकवताना तंत्रज्ञानाचा नेमका उपयोग काय?

माझ्या मते खरे उपयोग दोनच. फळ्यावर जे दाखवता येत नाही ते दाखवणं, आणि कोणाला काय समजलं नाही हे तिथल्या तिथे कळणं.

पहिल्यासाठी जिओजेब्रा हे गणिताचं मोफत सॉफ्टवेअर वापरून बघा. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू ओढला की आकार बदलत राहतो, पण तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच. हे स्वतः ओढून पाहिलेलं मूल "असं का?" विचारतं, आणि मग सिद्धता शिकवायला अर्थ येतो. विजेच्या सर्किटसाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट सिम्युलेशन्स (स्क्रीनवर करून बघायचे आभासी प्रयोग) तितकीच चांगली, तीही मोफत.

दुसऱ्यासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात रुजवलेली पद्धत मला फार मोलाची वाटते. संकल्पनेवर एक प्रश्न, प्रत्येकाचं क्लिकरवर (बटण दाबून उत्तर नोंदवायच्या छोट्या यंत्रावर) स्वतंत्र उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, पुन्हा उत्तर. शिकणं घडतं ते त्या वादात; यंत्र फक्त उत्तरं मोजतं. म्हणून क्लिकर नसले तरी कागदाच्या कार्डांवर हे जमतं.

नुसत्या स्लाइड्स वाचून दाखवण्यात मात्र तास वाया जातो. आणि मोबाइलमुळे लक्ष विचलित होतं, हे युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालातही आहे. काम झालं की स्क्रीन बंद करायला लावा.