८ सप्टेंबरला संगीतातल्या कोणाकोणाचा वाढदिवस असतो?
आपल्याकडे आधी आशाताईच आठवणार, 1933 चा जन्म, पण त्याच तारखेला 1926 मध्ये भूपेन हजारिका जन्मले हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, ब्रह्मपुत्रेच्या काठचा तो भरदार आवाज, 2019 ला मरणोत्तर भारतरत्न मिळालं त्यांना. बाहेरचे बघायचे तर अमेरिकेची गायिका पॅट्सी क्लाइन (1932), बिचारी तिशीतच विमान अपघातात गेली, आणि पॉप गायिका पिंक (1979).

पण माझ्यासाठी हा दिवस चेक संगीतकार द्वोर्झाकचा, जन्म 1841. त्याच्या नवव्या सिम्फनीचा (मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना) दुसरा भाग हेडफोन लावून ऐकाच, सुरुवातीचे जड सूर थांबतात आणि इंग्लिश हॉर्न (फुंकून वाजवायचं वाद्य) एकटाच संथ गायला लागतो, दरवेळी गळा दाटून येतो. 1893 मध्ये न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजली ती.