मशीन मीच पॅक केली

"कंपनी बाहेरच्या देशात गेली, माझी नोकरी गेली. यात माझं काय चुकलं?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. विचारणारे बहुधा पन्नाशीचे, आणि चूक आपलीच असं मनाशी ठरवूनच आलेले.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात बावीस वर्षं टूल रूमला (मशीनचे साचे, म्हणजे डाय, जिथे बनतात तिथे) असलेल्या एका गृहस्थांना (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) त्यांची बायको घेऊन आली. झोप उडालेली, आणि तरी रोज सहाला उठून, बूट घालून सोफ्यावर बसायचे. मुलगा ऐरोलीत एका अमेरिकन कंपनीचं काम करतो. तिकडचं काम इकडे आलंय म्हणून त्याचा पगार, हे ठाऊक असल्यामुळे तोही बापाशी बोलायला चाचरायचा.

तिसऱ्या भेटीत ते बोलले. "मॅडम, व्हिएतनामची चार पोरं आली होती. महिनाभर मीच शिकवलं. डाय बसवताना कुठल्या आवाजाला थांबायचं, तेसुद्धा. मग मशीनला ग्रीस लावून, प्लास्टिक गुंडाळून खोक्यात मीच भरली."

तुम्ही शिकवलं नसतं तरी गेलीच असती, असं मी म्हणाले नाही. ते त्यांनाही कळत होतं. मी विचारलं, "नीट शिकली का पोरं?"

पहिल्यांदाच हसले. "एक शिकला. हात चांगला होता त्याचा."

मग मी कागद-पेन काढलं. समुपदेशकाने पैशाच्या गोष्टीत पडू नये म्हणतात, मला ते पटत नाही. अर्धी धास्ती हिशेब न मांडल्याची असते. ग्रॅच्युइटीसाठी शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २६ ने भागायचा, १५ ने आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचा. २६,००० असतील तर २२ वर्षांचे ३,३०,०००. कारखाना बंद झाल्याची भरपाई त्याहून वेगळी, साधारण दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. हे दोन्ही एकच समजून ते सही करायला निघाले होते. मी म्हटलं, आधी युनियनच्या माणसाला कागद दाखवा. फंड वेगळाच.

नोकरी अजून नाही. गेल्या मंगळवारी आले ते सांगतच, "त्या पोराचा व्हिडिओ कॉल आला होता. डाय अडकत होती."

"मग?"

"सांगितलं. पाऊण तास लागला."

शेजारून बायको म्हणाली, "आणि तेही फुकट!"