आधी मुलीशी बोला, नीटचं नंतर

(परभणी जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र, थोडक्यात: सतरा वर्षांची मुलगी लातूरला हॉस्टेलवर राहून बारावी आणि नीटची तयारी करत होती. खोलीतल्या मैत्रिणीशी भांडण झालं, हिनं स्टीलची पाण्याची बाटली तिच्या डोक्यात मारली, टाके पडले. पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(१) (घातक वस्तूनं दुखापत) लावलं. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे आहे आणि मुलगी सध्या घरी. एमबीबीएसचा प्रवेश अडेल का? तिला मावशीकडे पाठवू का? की स्थळ बघू?)

नमस्कार.

तुमच्या पत्रात अकरा टेस्टचे गुण आहेत, तारखांसकट. त्या रात्रीबद्दल मुलगी काय म्हणते, याची एक ओळही नाही. कारण तुम्हीच दिलंय: ‘विचारायचं काय त्यात, मुलीच्या जातीला हे शोभतं का?’ मला गुणांपेक्षा या वाक्याची काळजी वाटते. हेच मुलानं केलं असतं तर ‘डोकं गरम आहे पोराचं’ म्हणून वकील गाठला असतात. मुलीनं केलं की संस्कारांपासून लग्नापर्यंत सगळ्याचा पंचनामा होतो, फक्त कारण विचारायचं राहतं. ज्या मुलीला टाके पडले ती आता कशी आहे, हेही पत्रात नाही.

मुलींच्या हातून मारहाण होते ती बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाला: रूममेट, मैत्रीण, घरातलं कुणी. त्याआधी बरेच दिवस काहीतरी शिजत असतं. टोमणे, गटातून बाहेर काढणं, कुणाचा तरी स्क्रीनशॉट फिरवणं. तुम्हीच लिहिता की ती चार तास झोपायची आणि प्रत्येक टेस्टच्या रात्री तुमचा फोन असायचा. यानं मारहाण माफ होत नाही, पण समजू लागते. अशा मुलींचा राग आधी स्वतःवर निघालेला असतो, हेही पुष्कळदा दिसतं. जेवण तोडणं, हातावर ब्लेडनं ओरखडे. ते आहे का, आईला नीट बघायला सांगा. असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीतूनही बोलता येतं.

विचारताना ‘का केलंस?’ नको, त्यावर उत्तर येत नाही. ‘आदल्या दिवशी काय झालं होतं? झोपली कधी होतीस? ती काय म्हणाली?’ असं विचारा. मामा, काका, शेजारी कुणी समोर नको. आणि तिच्या मोबाइलमधलं काही पुसू नका. घाबरून इन्स्टाग्राम उडवणारे पालक बरेच असतात. छळाचा पुरावा असलाच तर तो तिथेच असतो, आणि तुम्ही पुसलात तर तोही आरोप मागे लागतो.

आता तुमचा मोठा गैरसमज: ‘एकदा पोलिसांत नाव गेलं की सरकारी नोकरीही गेली, प्रवेशही गेला.’ बाल न्याय अधिनियम २०१५ याच्या उलट सांगतो. घटनेच्या दिवशी वय अठराच्या आत होतं ना, मग हाच कायदा लागू. ११८(१)ला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं, म्हणजे या कायद्याच्या भाषेत हा किरकोळ अपराध. प्रौढांसारखा खटला चालवण्याचा प्रश्न येतो तो सोळा पूर्ण झालेल्यांच्या फक्त अतिगंभीर, किमान सात वर्षं शिक्षेच्या अपराधांत. कलम २४ म्हणतं की दोषी ठरली तरी त्यामुळे कुठलीही अपात्रता चिकटत नाही आणि ठराविक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. प्रकरण चालू असो की निकाली निघालेलं, चारित्र्य दाखल्यासाठीही पोलिसांनी ही नोंद उघड करायची नाही, असं कलम ७४ सांगतं. अल्पवयात झालेल्या गुन्ह्यावरून नेमणूक नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र प्रकरण चालू असताना एखाद्या फॉर्मवर तसा प्रश्न आला तर खोटं लिहू नका, वकिलाला दाखवून उत्तर भरा. आणखी एक. तुम्ही ‘एफआयआर झाला’ म्हणता. अशा अपराधात सहसा फक्त स्टेशन डायरीत नोंद होते. काय झालंय ते वकिलाला बघू द्या. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नंबर १५१००. मुलांना आणि स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मावशीकडे मुळीच पाठवू नका. मुलगी तुमच्या ताब्यात मंडळानं दिली आहे. न सांगता हलवलीत तर तारखेला पहिला प्रश्न तोच येईल. पैसे घेऊन दुसऱ्या मुलीच्या घरी जाणं तर त्याहून वाईट, ते साक्षीदारावर दबाव म्हणून दिसतं. औषधपाण्याचा खर्च द्यायचा असेल तर वकिलामार्फत मंडळासमोर द्या. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढतात. तुम्ही तारखा चुकवल्यात तर ती लांबते, तीही ऐन परीक्षेच्या तोंडावर.

त्याआधी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येतील आणि सामाजिक तपासणी अहवाल लिहितील. इथे पालक हमखास चुकतात. ‘आमची पोर साधी, तिला कुणीतरी भडकवलं’ असं बाप सांगतो, मुलगी वेगळंच सांगते आणि अहवालाचं वजन जातं. झोप, फोन, टेस्टचा ताण, घरात हात उगारला जात असेल तर तेही, खरं ते सांगा. समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा की परिविक्षा (देखरेखीखाली मोकळं ठेवणं), हे ठरवताना मंडळ या अहवालाकडे बघतं.

स्थळाचं विचारलंत. ती सतरा वर्षांची आहे. तिचं लग्न लावणं हाच गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि त्यात आरोपी तुम्ही असाल. तिच्या मामांची सूचनाही तुम्ही कळवलीत: ‘एवढी दांडगी आहे तर पोलीस भरतीला घाला.’ वर्दी ही राग काढायची जागा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांचा सल्ला करिअरसाठी घेऊ नका.

नीटच्या पात्रतेत विषय, गुण आणि वय बघतात. तुमच्या प्रकरणाशी तिचा संबंध नाही. पण हॉस्टेल आता तिला परत घेणार नाही आणि तिला तिथे परत पाठवूही नका. बारावी घरून, कॉलेजच्या प्राचार्यांशी हजेरी आणि प्रात्यक्षिकांचं बोलून. प्राचार्यांना प्रकरणाचा तपशील सांगायची गरज नाही, दोन्ही मुलींची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे. नीट आणि एमएचटी-सीईटी दोन्हींचे फॉर्म मुदतीत भरून ठेवा. बसायचं की नाही हे तिला मार्चमध्ये ठरवू द्या, फॉर्मची फी गेली तर गेली.