फोटोही, चित्रंही, पण प्रिंट काळपट का?

प्रश्न : मी प्रवासात फोटो काढते, जलरंगात स्केचेसही करते. काम मागताना पोर्टफोलिओत दोन्ही ठेवू का? शिवाय स्क्रीनवर छान दिसणारे फोटो छापले की काळपट येतात. काय चुकतंय?

उत्तर : दोन्ही ठेवा, पण सरमिसळ नको. निवडक २० फोटोंत संपादकाला तुमची नजर कळायला हवी. मध्येच चित्र आलं की लय तुटते. चित्रांचा विभाग वेगळा करा. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ आधी चित्रकार आंद्रे लोत यांच्याकडे चित्रकला शिकले, आणि ती शिस्त त्यांच्या फोटोंच्या चौकटीत दिसते. चित्रकलेचा खरा उपयोग असा होतो.

काळपटपणाचं खापर प्रिंटरवर फोडू नका. बहुतेकदा स्क्रीनच फार उजळ असते. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. कॅलिब्रेटर (स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजून जुळवणारं उपकरण) लावून स्क्रीनचा उजेड १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा, ज्या कागदावर छापणार त्याचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) घेऊन सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कसा दिसेल याची स्क्रीनवरची झलक, पाहा आणि सावल्या, म्हणजे फोटोतले गडद भाग, थोड्या उचला. मग एक लहान पट्टी छापा आणि फोटो जिथे लागणार त्याच उजेडात बघा. मॅट कागदावर काळा रंग तसाही जरा फिकाच उतरतो.

आकाराचंही बघा. ६००० बाय ४००० पिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) जेमतेम २० बाय १३ इंच होते. मोठा प्रिंट हवा असेल तर २०० डीपीआयपर्यंत खुशाल उतरा. भिंतीवरचा फोटो कोणी नाक लावून बघत नाही.