रेंज पूर्ण असूनही नेट का अडकते? टॉवर सर्वांना सारखा वाटा का देत नाही?

आपली तक्रार अशी आहे, की रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीच्या वेळी मोबाईलवर रेंजच्या सगळ्या काड्या दिसतात, तरी व्हिडिओ अडकतो. शेजारी उभ्या असलेल्या मित्राचा मात्र त्याच कंपनीच्या सिमवर सुरळीत चालतो. मग टॉवर दुजाभाव करतो का, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमध्ये मोबाईल नेटवर्कच्या ड्राइव्ह टेस्टचे, म्हणजे ठिकठिकाणी फिरून सिग्नल आणि वेग मोजण्याचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे.

काड्या केवळ टॉवरचा सिग्नल किती जोरात पोहोचतो एवढेच सांगतात. त्या सिग्नलवर किती जण बसले आहेत ते सांगत नाहीत. गर्दीच्या वेळी टेस्टच्या लॅपटॉपवर सिग्नल उणे ७५ डीबीएम (सिग्नलचा जोर मोजण्याचे एकक), म्हणजे उत्तम दिसतो, पण शेजारच्या रकान्यात फोनला मिळालेले रिसोर्स ब्लॉक पाहावेत तर ५० पैकी कधी ४, कधी ३ आणि मध्येच शून्य. हे ५० ब्लॉक म्हणजे ४जीच्या १० मेगाहर्ट्झ वाहिनीचे प्रत्येकी १८० किलोहर्ट्झ रुंदीचे तुकडे होत. ते कोणाला द्यायचे, हे टॉवरमधला शेड्युलर दर मिलिसेकंदाला नव्याने ठरवतो.

सारखा वाटा द्यायचा, पण वेळेचा की वेगाचा? समजा, सेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या एका अँटेनाच्या टापूत, दोनच ग्राहक आहेत. सगळी वाहिनी एकट्याला दिली, तर मोकळ्या घाटावरच्या ग्राहकाला ४० एमबीपीएस मिळतात आणि जुन्या वाड्याच्या आतल्या खोलीतल्याला ४. दोघांना समान वेग द्यायचा म्हटले, तर अकरापैकी दहा हिस्से वेळ वाड्यातल्या ग्राहकावर खर्च होतो आणि दोघांच्याही पदरी जेमतेम ३.६ एमबीपीएस पडतात. समान वेळ दिला, तर २० आणि २ मिळतात; कालव्याच्या पाळीत टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला तेवढेच तास मिळूनही पाणी कमी पोहोचते, तसाच हा प्रकार. केवळ एकूण वेगच वाढवायचा असेल, तर वाड्यातल्याला काहीच न देणे सर्वांत फायद्याचे ठरते, आणि ते अर्थातच कोणाला पटणार नाही.

प्रत्यक्षात सहसा ‘प्रपोर्शनल फेअर’, म्हणजे प्रमाणशीर न्याय्य वाटप, हा मार्ग धरतात. त्यामागचे गणित केंब्रिजचे फ्रँक केली यांनी १९९७ साली मांडले, तेही मुळात तारांच्या नेटवर्कसाठी. फोनला या क्षणी मिळू शकणाऱ्या वेगाला त्याच्या अलीकडच्या सरासरी वेगाने भागायचे आणि ज्याचा भागाकार मोठा, त्याला ब्लॉक द्यायचे. यामुळे ज्याला बराच वेळ काही मिळालेले नाही त्याचा हक्क आपोआप वाढत जातो. शिवाय प्रत्येकाची पाळी शक्यतो त्याचा सिग्नल त्याच्याच सरासरीपेक्षा चढता असताना येते. मला ही दुसरी बाजू विशेष देखणी वाटते. १८०० मेगाहर्ट्झवर तरंगलांबी सुमारे १७ सेंटिमीटर असते आणि इमारतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे सिग्नल साधारण आठ-आठ सेंटिमीटरवर चढतो-उतरतो. घाटावर सावकाश चालणाऱ्याचे हे चढ शेड्युलरला साधता येतात. त्र्यंबक रोडवर ताशी ३६ किलोमीटरने जाणाऱ्या बसमध्ये मात्र तेवढे अंतर आठ मिलिसेकंदांत संपते आणि फोनने पाठवलेला सिग्नलचा अहवाल वापरेपर्यंत शिळा होतो.

व्होल्टी कॉल, म्हणजे ४जीच्या डेटावरूनच होणारे फोन कॉल, या हिशेबाबाहेर असतात. त्यांना आधी जागा मिळते, म्हणूनच नेट अडकलेले असताना कॉल लागू शकतो. दिवसाचा डेटा संपल्यावर वेग घटतो तो प्लॅनमुळे, त्याचा टॉवरच्या वाटपाशी संबंध नाही. आणि सिंहस्थासारख्या गर्दीत वाटप कितीही न्याय्य असले तरी वाट्याला येणारा तुकडा लहानच राहतो; तिथे चाकांवरचे तात्पुरते टॉवर उभे करून सेल वाढवावे लागतात.

राहिला आपला मित्र. शेड्युलर त्याला झुकते माप देत असेल असे मला वाटत नाही. त्याचा फोन बहुधा दोन बँड (वारंवारतेचे पट्टे) एकत्र जोडून दोन्हीकडून ब्लॉक घेत असावा किंवा कमी गर्दीच्या ५जी बँडवर असावा. दोन्ही फोनची सिम अदलाबदल करून एकाच जागी वेग मोजून पाहा. वेग सिमबरोबर गेला तर प्लॅन तपासा, फोनबरोबर राहिला तर आपला फोन कोणते बँड घेतो ते पाहा.