दोन पाच की पंचवीस?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, त्यासोबतची यादीही. रिंग लाइट, कॉलर माइक, हिरवा पडदा, एडिटिंगचं सॉफ्टवेअर. शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत तुझ्या वाट्याला 'इयत्ता पाचवी, दशांश अपूर्णांक' या घटकाचं मॉड्यूल, म्हणजे वर्गात दाखवायचा व्हिडिओ-पाठ, आलं आणि तू थेट खरेदीलाच निघालीस! यादीतला माइक तेवढा घे. पोरांना आवाज नीट ऐकू आला नाही तर ती दुसऱ्या मिनिटाला एकमेकांना चिमटे काढायला लागतात. बाकीचं राहू दे. मोबाइल पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला तरी चालतो. खोलीत आवाज घुमत असेल तर मागे गोधडी टांग आणि पत्र्यावर पाऊस वाजत असेल त्या दिवशी रेकॉर्डिंगच करू नकोस.

माझं पहिलं मॉड्यूल बावीस मिनिटांचं होतं. अख्खा घटक त्यात कोंबला होता. स्थानिक किंमत, वाचन, तुलना, बेरीज, शेवटी चार शाब्दिक उदाहरणं. मागे मंद बासरीसुद्धा. वर्गात टीव्हीवर लावलं आणि मी शेजारी बसून चौथीचा गृहपाठ तपासत राहिले. द्विशिक्षकी शाळेत हा मोह कसा होतो, ते तुला सांगायला नको. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ०.२५ आणि ०.३ लिहून विचारलं, मोठी संख्या कोणती? निम्म्याहून जास्त हात ०.२५ ला वर. का रे? तर म्हणे, पंचवीस मोठे की तीन?

वर आणखी एक घोळ मीच घालून ठेवला होता. मॉड्यूलमध्ये रुपये-पैशांचं उदाहरण दिलं होतं. आपण शिकलो तसंच. पण या पोरांनी पैसा कधी हातात धरलेला नाही. २.५ रुपये म्हणजे दोन रुपये पाच पैसे, असं त्यांनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं. ती चूक त्यांना मी शिकवली होती, बासरीच्या साथीनं.

म्हणून सांगते, स्क्रिप्ट लिहायच्या आधी गेल्या वर्षीच्या पाचवीच्या वह्या मिळव. सहावीत गेलेल्यांच्या घरी त्या असतील, रद्दीत गेल्या नसतील तर. दशांशाची पानं उघड आणि फक्त चुकलेली गणितं बघ. चुका वाटतात तितक्या तऱ्हेच्या नसतात. दोन-तीनच असतात, पुन्हा पुन्हा येतात.

पहिली वर सांगितलीच: चिन्हानंतरचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचायचा. म्हणूनच पुस्तकात 'शून्य दशांश चिन्ह दोन पाच' असं वाचायला लावतात, 'पंचवीस' नाही. मॉड्यूलमध्ये तुझ्या तोंडून एकदा जरी 'शून्य दशांश पंचवीस' निसटलं तरी तेवढा भाग पुन्हा रेकॉर्ड कर.

दुसरी चूक लबाड आहे. काही हुशार पोरांना शतांश दशांशापेक्षा लहान असतो हे पक्कं ठाऊक असतं. मग ती ठरवून टाकतात की चिन्हानंतर जितके जास्त अंक तितकी संख्या लहान. असं पोर ०.२५ आणि ०.३ मध्ये ०.३ मोठी म्हणतं आणि पूर्ण गुण घेऊन जातं. त्यालाच ०.४ आणि ०.४५ विचार. ०.४ मोठी म्हणेल. पहिल्या चुकीचं पोर नेमकं उलट: तिथं चुकेल, इथं बरोबर येईल. मॉड्यूलमध्ये हे दोन्ही प्रश्न लागोपाठ टाक. दोन्हींची उत्तरं शेजारी ठेवलीस की कोण कुठं अडलंय ते दिसतं. नुसत्या एका प्रश्नाच्या गुणांवर माझा विश्वास राहिलेला नाही.

आणि प्रश्नांच्या उत्तरांचे पर्याय मनाने बनवू नकोस, वहीतूनच उचल. चौथा पर्याय भरायचा म्हणून ७.९२ असलं काहीतरी टाकतात. ते कुणीच निवडत नाही, जागा मात्र अडवतं. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला त्याचं वेगळं उत्तर दे. 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' एवढ्यानं पोराला काय कळणार?

दीक्षा की मूडल, असं तू विचारलंयस. मूडल हे ऑनलाइन पाठ चालवायचं सॉफ्टवेअर; त्यात पर्यायागणिक वेगळा अभिप्राय देता येतो, पण ते सांभाळायला तालुक्यात कुणीतरी जाणतं हवं. त्याचा कर्ता मार्टिन डुगिआमास ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात वाढला, लहानपणी रेडिओवरून शाळा शिकला आणि २००२ मध्ये त्यानं मूडलची पहिली आवृत्ती आणली. दूर बसलेल्या पोराची अडचण त्याला कुणी सांगावी लागली नसणार. दीक्षा हे सरकारचं शालेय साहित्याचं ॲप २०१७ पासून आहे. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की साहित्य उघडतं आणि आधी डाउनलोड करून ठेवलं तर रेंज नसली तरी चालतं. तुझ्या शाळेला तेच सोयीचं. शिवाय एक प्रत पेनड्राइव्हवर ठेव. लाइट गेली तर? तर फळा आहेच.

लांबीबद्दल माझं ऐकू नकोस, आकडा ऐक. २०१४ मध्ये फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, बघणारा साधारण सहा मिनिटांच्या पुढे टिकत नव्हता. झकपक स्टुडिओपेक्षा टेबलाशी बसून साधेपणानं बोलणारा शिक्षक लोकांना जास्त धरून ठेवत होता. ती बहुतेक मोठी माणसं होती, आपापल्या हौसेनं शिकणारी. आपली दहा वर्षांची पोरं, त्यातून जेवणाच्या सुट्टीनंतरची तासिका. मी चार मिनिटं धरते.

त्या चार मिनिटांनंतर मॉड्यूलनं गप्प बसावं. पडद्यावर लिही: 'व्हिडिओ थांबवा. काटा आणा.' पैशांनी फजिती केल्यावर मला किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा सापडला. त्यावर किलोचे आकडे चिन्हानंतर तीन घरांत येतात. पाव किलो साखर ठेवली की ०.२५०. मग तीनशे ग्रॅम तांदूळ, ०.३००. पोरं आकडा मोठ्यानं वाचतात आणि अधेमधे कुणीतरी ओरडतं, "बाई, शेवटची शून्यं काढली तर ०.२५ नि ०.३!" ते वाक्य मी मॉड्यूलमध्ये कधीच घातलं नाही. घातलं असतं तर कुणी ओरडलंच नसतं.

अपूर्णांकासाठी भाकरी वापरण्याचा तुझा विचार कळला, पण भाकरीचे सारखे भाग घरात कोण करतं? मोडून खातात. शिंप्याची टेप बरी.

मॉड्यूलसोबत शिक्षकासाठी एक पान जोड: कुठं थांबायचं, साहित्य काय लागेल, कुठली चूक दिसली तर पुढं काय विचारायचं. मग शेजारच्या शाळेतल्या एखाद्या सरांना ते वर्गात वापरायला दे आणि तू मागच्या बाकावर बस. तोंड उघडू नकोस. सर जिथं अडखळून तुझ्याकडे बघतील, तिथं खूण कर. तेवढंच दुरुस्त करायचं.

पोरांचे चेहरे दिसणार असतील तर आईबापांना आधी विचार. नेटवरची चित्रं उचलू नकोस, स्वतः फोटो काढ. अहवालात 'शंभर टक्के पूर्ण' दिसलं तर हुरळू नकोस, पोरं 'पुढे'चं बटण दाबण्यात पटाईत असतात.

स्क्रिप्ट मला आत्ता पाठवू नकोस. वह्यांच्या पानांचे फोटो पाठव, नावं झाकून, दहा-बारा पुरेत. आणि दुकानदाराला काटा एका दिवसापुरता माग. बाजाराचा वार सोडून जा, नाहीतर तो देणार नाही. बॅटरी आदल्या रात्रीच चार्ज करून ठेव.

तुझी,
बाई