नेम धरून : जावयाच्या शिशाच्या गोळ्या आणि सराफ्यातला तराजू

प्रश्न : माझे जावई ओहायोत असतात, ग्रीनकार्ड आहे. तिथल्या क्लबात ते पॉइंट थ्री एट रिव्हॉल्व्हरने कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतात आणि काडतुसं घरीच भरतात. मागच्या खेपेला ओतीव शिशाच्या गोळ्या नव्या माणसाकडून मागवल्या, तर नळीत शिशाचा थर बसला आणि नेम पसरला. विकणारा म्हणतो, "माल चांगला कडक आहे, दोष तुमच्या हत्याराचा." भरवशाचा पुरवठादार कसा ओळखायचा? मी स्वतः चाळीस वर्षं पोलोग्राउंडच्या कारखान्यात लेथवर काढली. इथेच साचा करून, सियागंजातून शिसं आणून, गोळ्या ओतून त्यांना पाठवू का?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो. नका. साच्याला हातही लावू नका. आपल्याकडच्या 1959 च्या शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' या शब्दात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय तो बनवता येत नाही आणि कलम 10 प्रमाणे परदेशी पाठवता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, वर जन्मठेपेपर्यंत. लेथवर हात बसलाय म्हणून सासरेबुवांनी जावयासाठी एवढं करू नये.

ग्रीनकार्डाचं तुम्ही आपणहून लिहिलंत ते बरं झालं, कारण त्याशिवाय मी पुढे लिहिलं नसतं. आपली बरीच मुलं तिकडे एच-वन-बीवर असतात. त्या व्हिसावर असताना बंदूक किंवा दारूगोळा जवळ बाळगायला तिथल्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे, शिकारीचा चालू परवाना असण्यासारखे थोडे अपवाद सोडले तर. आणि दारूगोळ्याच्या त्यांच्या व्याख्येत नुसती शिशाची गोळीही येते. मित्राचं बघून एखाद्याने डबा मागवला तर तो नकळत गुन्हेगार ठरतो. तुमच्या जावयांना ती अडचण नाही. स्वतःपुरती काडतुसं भरायला तिथे केंद्राचा परवाना लागत नाही, पण गोळ्या बनवून विकणाऱ्याला लागतो. म्हणून पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच विचारायचा, दारूगोळा बनवायचा परवाना आहे का. जो गोलमोल बोलेल त्याला तिथेच सोडायचं.

आता "कडक आहे" या उत्तराकडे येऊ, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

आमचे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. झिजलेले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, वितळवायला जायची, त्यातले दोन-चार माझ्या खिशात यायचे. खिळा नखाने ओरखडून बघायची मला खोड होती. रेघ उठायची नाही. कोळ्याच्या जाळ्याचं शिसं मात्र नखाखाली दबायचं. फरशीवर टाकलं तर खिळा खण्ण वाजायचा, शिसं थप्प करून बसायचं. पुढे महूला आर्मररच्या, म्हणजे हत्यारं दुरुस्त करायच्या, कामाला लागल्यावर त्यामागचं कारण कळलं. शिशात अँटिमनी घातलं की ते कडक होतं आणि कथील घातलं की साच्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात नीट भरतं. लायनोटाइप या छपाईच्या यंत्राच्या धातूत शंभरात 84 भाग शिसं, 12 अँटिमनी, 4 कथील असतं आणि त्याचा कडकपणा ब्रिनेल मापाने 22 च्या आसपास भरतो. शुद्ध शिशाचा जेमतेम 5. गोळ्यांसाठी नेहमी वापरतात त्या मिश्रणात 90 भाग शिसं आणि 5-5 भाग इतर दोन, त्याचा साधारण 15.

जितकी कडक तितकी चांगली, असा समज आहे आणि विकणारे तो मुद्दाम पोसतात. जावई कागदावर मारतात ती काडतुसं हलकी, वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या घरात. तिथे 10-12 चा कडकपणा पुष्कळ झाला. गोळी नळीपेक्षा बारीक आणि वर फार कडक असली, तर मागून येणाऱ्या दाबाने ती फुलत नाही, जागा बंद करत नाही. मग तापलेला वायू कडेने निसटतो, गोळीची कड वितळवत जातो आणि ते शिसं नळीला चिकटतं. म्हणजे थर बसला तो गोळी मऊ होती म्हणून नव्हे, बहुतेक बारीक होती म्हणून. तांब्याच्या आवरणाची गोळी या रिव्हॉल्व्हरला .357 इंचाची लागते, ओतीव शिशाची .358 ची. फरक एका थाऊचा, इंचाच्या हजाराव्या भागाचा. पण हे लेथवाल्याला मी काय सांगणार!

तेव्हा जावयांना सांगा, व्हर्निअर ठेवून द्या, मायक्रोमीटर घ्या. डब्यातून वीस गोळ्या उचला, मापा, वहीत लिहा. एक गोळी रिकाम्या सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या, प्रत्येक भोकातून पुढच्या बाजूने बोटाने दाबून बघा. हलक्या दाबाने सरकली पाहिजे. आपोआप गळून पडली तर तो माल त्या हत्याराचा नव्हे, विकणारा कितीही सज्जन असो.

मग त्याच वीस गोळ्या वजन करायच्या. 158 ग्रेनची गोळी म्हणजे आपल्या मापाने सव्वादहा ग्रॅमच्या जवळपास. वीसांत हलकी आणि जड यांच्यात दोन ग्रेनपेक्षा जास्त तफावत दिसली तर मी तो माल परत करतो. हलकी निघते तिच्या पोटात बहुधा पोकळी असते. नाकावरच्या सुरकुतीला घाबरू नका, बूड बघा. गोळी नळीतून सुटताना वायूचा शेवटचा धक्का बुडाला बसतो. तिथली कड एका बाजूने गोल झालेली असेल तर ती तिरकी जाणारच.

भरवशाचा माणूस सापडायचा तर क्लबातच. पाच-सात वर्षं हेच काडतूस भरणारे दोन-तीन म्हातारे प्रत्येक क्लबात असतात. त्यांच्याशी चहावर बोलायला सांगा, तिकडे कॉफीवर. नाव मिळालं की त्या माणसाला धातूचा प्रश्न विचारायचा. कारखान्यातून प्रमाणपत्रासह आलेल्या विटा वापरतो, की भंगार? गाडीच्या चाकाला लावायची वजनं वितळवून पुष्कळांनी वर्षानुवर्षं गोळ्या ओतल्या. आता त्या वजनांत जस्ताची आणि लोखंडाचीही असतात. जस्त मिसळलं की साचा नीट भरत नाही. भंगारवाल्याचा एक घाणा उत्तम निघतो, दुसरा वाईट, आणि त्यात त्याची लबाडी असतेच असं नाही. भट्टीत काय पडलंय ते त्यालाच ठाऊक नसतं.

पहिल्यांदा शंभरच घ्यायला सांगा. जमलं तरच पाचशे. पाचशे गोळ्या म्हणजे पाच किलोच्या वर वजन होतं. खोका टपालात फुटून अर्धा माल ट्रकमध्ये सांडल्याच्या गोष्टी तिकडचे लोक हसत सांगतात. आत दुसरी पिशवी आणि चहूबाजूंनी पट्टी मारून पाठवतो का, हेही विचारायचं. आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा वीस गोळ्या मापायच्याच. पहिल्या खेपेच्या विश्वासावर डबा फोडायचा नाही.

दारू किती भरायची हे मी लिहिणार नाही. त्या गोळीचं वजन आणि प्रकार लिहिलेलं छापील कोष्टक असतं, त्याच्या बाहेर जायचं नाही.

प्रश्न : वडिलांनंतर .32 रिव्हॉल्व्हरचा परवाना रीतसर माझ्या नावावर झाला आहे. काडतुसं फार महाग पडतात. रिकाम्या पुंगळ्या जपून ठेवल्या आहेत. इंदुरात भरून देणारा कुणी?
— एक वाचक, मल्हारगंज, इंदूर

उत्तर : नाही, आणि असला तरी जाऊ नका. तुमचा परवाना बाळगण्याचा आहे, बनवण्याचा नाही. जो "भरून देतो" म्हणेल तो वरच्याच कलम 5 मध्ये तुम्हालाही ओढेल. शिवाय कोणी कोणत्या दारूने भरलंय हे ठाऊक नसलेलं काडतूस हातात फुटलं तर बोटं तुमची जातात. काडतूस परवानाधारक दुकानातूनच, परवान्यावर नोंद करून. पुंगळ्या ठेवल्यात ते ठीक, काही राज्यांत नवी देताना जुन्यांचा हिशेब मागतात. फक्त एक करा, प्रवासाच्या बॅगेचे कप्पे झाडा. विमानतळावर अशी विसरलेली एखादी पुंगळी सापडली की दिवस गेलाच म्हणून समजा.

प्रश्न : माझी मुलगी बारा वर्षांची, दहा मीटर एअर पिस्तूल शिकते. त्याच कंपनीची, त्याच नावाची छर्र्यांची डबी घेतली तरी गुण घसरले. दुकानदार फसवतोय की मुलीचं लक्ष नाही?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, मुलीला आधी काही बोलू नका. या खड्ड्यात मी स्वतः पडलोय. निवृत्त झाल्यावर पोरांना शिकवायला लागलो तेव्हा एका विक्रेत्याकडची एक डबी अप्रतिम निघाली. मी खुशीत त्याच नावाच्या वीस डब्या घेतल्या. पोरांच्या कागदावर भोकांचे गट रुपयाएवढे पडत होते ते वाटीएवढे झाले. महिनाभर मी पोरांच्या मनगटांवर ओरडत होतो! शेवटी दोन्ही डब्यांतले छर्रे कागदाच्या पुड्यांत बांधून सराफ्यात ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने हिऱ्याच्या काट्यावर एकेक ठेवला. जुने सगळे 0.53 ग्रॅमला चिकटून. नवे कुठे 0.51, कुठे 0.54. सोनार म्हणाला, "काका, सोनं असतं तर मी हे घेतलंच नसतं."

डबीवर नाव एकच असलं तरी लॉट, म्हणजे एका वेळी बनलेला माल, वेगळा असतो आणि छर्र्याच्या डोक्याचं मापही. चिठ्ठीवर ते मिलिमीटरमध्ये 4.49, 4.50 असं छापलेलं असतं, ते आणि लॉटचा नंबर दोन्ही जुळले पाहिजेत. मुलीला मानवलेल्या डबीचं झाकण जपून ठेवा आणि दुकानात ते दाखवूनच मागा. तोच लॉट असला तर वर्षभराचा एकदम घ्या. नसला तर एकच डबी.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. छर्रे शिशाचे असतात. पुष्कळ पोरं भरताना एखादा ओठात धरतात, आमच्या वेळी मोठेही धरायचे. ते आजच बंद करा. रेंजवरून आली की साबणाने हात धुतल्याशिवाय पोह्यांची बशी तिच्या हातात देऊ नका.

वजन करायला सराफ्यात जाणार असाल तर दुपारी जा. रात्री तिथली दुकानं मिटतात आणि ओट्यांवर गराडूच्या कढया चढतात.